जांबाले पाणी

‘का’ऐवजी ‘काहून’ हा शब्द आजही माझ्या तोंडून निसटला, की मी आधी बादली शोधते. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बादली सापडली तरी ती ओतणार कुठं? मग बाल्कनीतल्या तुळशीला एक तांब्या घालते आणि मोकळी होते. नवरा साताऱ्याकडचा. तो म्हणतो, तुळस कुजवशील एक दिवस. माझी ही खोड त्याला ठाऊक आहे, पण ती लावणारा माणूस त्यानं पाहिलेला नाही. माझ्या लग्नाआधीच तो माणूस गेला. म्हणून म्हटलं, एकदा लिहून टाकावं.

आमच्या यवतमाळकडच्या राळेगावात त्यांना सगळे ग्रेडरकाका म्हणायचे. कापसाच्या सरकारी खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की कोपरापर्यंत हात घालून तळातला पुंजका काढायचा, दोन्ही चिमटीत धरून हळूहळू ओढायचा, धागा किती लांब भरतो ते बघायचं, किडका पिवळा कापूस, म्हणजे कवडी, किती आहे ते बघायचं आणि मालाची प्रत सांगायची, हे त्यांचं काम. तीस वर्षं हेच केल्यामुळे बोटं घरीसुद्धा स्वस्थ बसत नसत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या उपरण्याचा दोरा ओढून बघत. देवापुढच्या वाती काकूंनी वळल्या की त्यातली एक उकलून बघत आणि “यवतमाळच्या बाजारातली सरकी दिसते” असं काहीतरी पुटपुटत. भर मे महिन्यात मनगटापर्यंत बटणं लावलेला सुती सदरा आणि खिशात पेनाच्या जागी कापसाचा पुंजका. टेरिकॉट घालून कोणी घरी आलं तर चहा द्यायचे, खुर्ची द्यायचे नाहीत. माझा मामा असाच एकदा अर्धा तास उभा राहून चहा पिऊन आला आणि पुन्हा त्या घरी गेला नाही.

पण मला त्यांची आठवण येते ती कापसासाठी नाही, बोलण्यासाठी. काकांनी घरच्या अंगणात एक वर्ग काढला होता. गाव सोडून पुण्याला निघालेल्या पोरापोरींना शुद्ध बोलायला शिकवायचा वर्ग. फी नाही, पाटी नाही, फळा नाही. संध्याकाळी उन्हं कलली की अंगणात सतरंजी टाकायची आणि बोलायचं. ‘मले’ नाही, ‘मला’. ‘करून राह्यलो’ नाही, ‘करतोय’. वावर नाही, शेत. फल्ली नाही, शेंगा. एक वऱ्हाडी शब्द गेला की एक बादली दंड. हापशीवरून बादली भरून आणायची आणि अंगणातल्या झाडाला घालायची.

ते झाड जांबाचं. पुण्यात ज्याला पेरू म्हणतात ते. वर्गात त्यालाही पेरूच म्हणायचं. त्यामुळे “जांबाले पाणी घालून येतो” असं म्हणत जो उठला, त्याची तिथंच दुसरी बादली झाली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात माणसं वाळतात, तिथं हे झाड हिरवंगार. काकू म्हणायच्या, सारं गाव चुकते म्हणून हे झाड जगते.

आता खरी गंमत सांगते. काकांना स्वतःला शुद्ध बोलता येत नव्हतं. अजिबात. सगळा वर्ग वऱ्हाडीत चालायचा. “तू ‘मले’ काहून म्हणतं वं? कितीदा सांगतलं तुले, ‘मला’ म्हण म्हणून!” हे वाक्य काका बोलायचे आणि आम्ही बोटांवर चुका मोजायचो. वर्ग सुटला की काका बाह्या न दुमडता बादली उचलायचे आणि आपल्या चुकांचं पाणी घालायचे. सगळ्यात जास्त बादल्या त्यांच्याच. हसायची हिंमत आमच्यात नव्हती, काकूंमध्ये होती. “मास्तर नापास,” म्हणून त्या ओट्यावरून ओरडायच्या.

आमच्या बोलण्याचीही ते कापसासारखीच प्रत लावायचे. माझ्या ‘न’ आणि ‘ण’मध्ये सरकी अडकली आहे म्हणायचे. चार महिने गेल्यावर एकदा मी न अडखळता बोलले, तर डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “धागा बरा आहे. थोडी कवडी आहे.” इतकंच. मी घरी जाऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, माय वो, त्या माणसानं आजवर कोणाले इतकंही नाही म्हटलं.

हे सगळं कशापायी, ते काकूंनी मला सांगितलं. काका तरुणपणी ग्रेडरच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते. पहिल्याच दिवशी खाणावळीत जेवताना त्यांनी वाढप्याला विचारलं, भाजीत सांबार काहून नाही टाकला? आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वाढप्याला वाटलं, ह्याला इडलीबरोबरचं सांबार पाहिजे. तो म्हणाला, उडप्याकडे जा. काका म्हणाले, उडप्याकडे कायले, तुमच्या त्या टोपल्यात तर जुडी दिसून राह्यली. सगळी खाणावळ हसली. पुढचे तीन महिने त्यांना कोणी नावानं हाक मारली नाही. “ए सांबार” म्हणायचे. प्रशिक्षणात काका पहिले आले. यादी वाचून दाखवणारा अधिकारीसुद्धा म्हणाला, अच्छा, हाच का तो सांबार. काका परत आले ते पुन्हा म्हणून यवतमाळच्या पुढं गेले नाहीत. काकूंना लग्नानंतर पहिली ताकीद मिळाली ती ह्याच शब्दाची. त्या घरात कोथिंबिरीला ‘ते हिरवं’ म्हणत.

माझ्या वर्गाची ती वर्षं कापसाची पार वाईट वर्षं होती. नवं महाग बियाणं आलं, तरी बोंडं फुटायच्या आत सडायची. केंद्र दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा उशिरा उघडायचं. एका वर्षी उघडलंच नाही. काकांना घरी बसवलं. जिनिंगच्या आवारात, जिथं मी लहानपणी कापसाचे डोंगर पाहिले, तिथं शेळ्या चरायला लागल्या. बस स्टँडवर मात्र कधी नव्हती एवढी गर्दी. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी पेटी, गादीची वळकटी आणि फराळाचा डबा घेऊन पुण्याच्या गाडीची वाट बघत उभं असायचं. काका रोज तिकडे फेरी मारायचे, आणि घरी येऊन ओट्यावर बसत सांगायचे की पुणं आपल्या गावाची वेचणी करून राह्यलं. “पहिल्या वेच्यात इंजिनेर गेले. दुसऱ्या वेच्यात नर्सा न ड्रायव्हर. तिसऱ्यात सेक्युरिटीवाले. आता झाडावर उरलो ते आमी, फरदड.” फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर वावरात तशाच ठेवलेल्या पराटीचा, कपाशीच्या झाडाचा, कापूस. हलका असतो, पण असतो.

मी दुसऱ्या वेच्यातली. नर्सिंग झालं, पुण्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीआधी वावरात दही ठेवून पूजा करतात, सीतादही म्हणतात त्याला. काका गाव सोडणाऱ्या प्रत्येकाचं सीतादही करायचे. तळहातावर दही, त्यावर खिशातल्या पुंजक्यातला चिमूटभर कापूस. म्हणायचे, ज्या शब्दाले लोकं हासतेत तो शब्द घरी ठेवून जा, मी सांभाळतो. मी पाया पडले आणि घाईत म्हटलं, “येते काका, जांबाले पाणी घालत…” आणि जीभ चावली. त्यांनी हात केला, जाऊ दे, गाडी सुटंल. ती एक बादली माझ्याकडून राहिलीच.

काकांचा पहिला विद्यार्थी त्यांचा स्वतःचा मुलगा. एकुलता एक. मी त्याला दादा म्हणायचे. वर्ग निघाला तोच त्याच्यासाठी. तो आमच्यापेक्षा दहा वर्षं आधी पुण्याला गेला, इंजिनिअर झाला, तिथलीच बायको केली. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. काका साडेनऊला आंघोळ करून, सदऱ्याची बटणं लावून फोनजवळ उभे राहायचे. बसून बोलायचे नाहीत. वर्गातल्या आम्हाला मुद्दाम बोलावून फोनचा आवाज मोठा करून ऐकवायचे. “नमस्कार बाबा. प्रकृती कशी आहे आपली? आईच्या गुडघ्यांना आराम आहे ना?” एकही शब्द वाकडा नाही. काका एवढंच म्हणायचे, “उत्तम आहे.” तेवढा एक शब्द त्यांनी घोटून ठेवला होता. फोन ठेवला की आमच्याकडे वळून म्हणायचे, “पाह्यलं? याले म्हणते धागा.”

पुण्यात मी वडगावकडे एका बाईंच्या घरात खोली घेऊन राहायचे. बाई विधवा, साठीच्या, बोलणं असं की पुस्तकातून वाचतायत वाटावं. “अगं, नळ नीट बंद करत जा हं.” त्यांच्यासमोर मी दोन वर्षं तोंड जपून वागले. फोनवर आईशी बोलताना नळ सोडून ठेवायचे, की आवाज बाहेर जाऊ नये. एका दुपारी बाई भजी तळत होत्या, तेल उडालं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, “वो माय वं! भाजलं ना मले!”

मी धावत गेले. हाताला गार पाणी लावलं, मलम लावलं. मग हळूच विचारलं, तुमी कुठच्या वो? बाई बोरी अरबच्या. आमच्या जिल्ह्यातल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं महिनाभर त्यांच्या बोलण्याच्या नकला केल्या, तेव्हापासून चाळीस वर्षं त्यांनी माहेरचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता. मला म्हणाल्या, गल्लीत कोणाला सांगू नकोस. मी म्हटलं, तुमीही सांगू नका. आणि त्या दिवशी दार लावून आम्ही पोटभर वऱ्हाडी बोललो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. पायातला काटा निघावा तसं.

मग मला तो नादच लागला. भाजीवाला परभणीकडचा निघाला. इस्त्रीवाला जौनपूरचा. आमच्या मेट्रन कोल्हापूरच्या, पण जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करताना आसपास कोणी नसलं तरच कोल्हापुरी बोलायच्या. वॉचमन झरी जामणीकडचा. तो कोलाम आदिवासी, घरी कोलामी बोलायचा आणि माझ्याशी पुणेरी बोलायचा प्रयत्न करायचा. एवढं मोठं शहर दर वर्षी फुगत चाललेलं, नवे रस्ते, नव्या इमारती, आणि त्यात भरलेली सगळी माणसं आपापलं बोलणं गावी ठेवून आलेली.

त्या दिवाळीला घरी गेले तेव्हा हे सगळं काकांना हसत हसत सांगितलं. मला वाटलं त्यांना मजा वाटेल. ते नेहमीसारखे पुंजका ओढत ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे खरा पुणेवाला तुले किती भेटला?” मी आठवून सांगितलं की एक भेटला, वॉर्डातले एक आजोबा. पण त्यांचेही वडील रत्नागिरीहून आले होते.

काकांची बोटं थांबली.

“मंग हासते कोण?”

 मी काहीतरी चेष्टेवारी नेलं, पण ते ऐकत नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गाला पाच-सहा जण आले होते. काकांनी त्यांना सांगितलं, आजपासून वर्ग बंद, जसं बोलता तसंच जा. सतरंजी झटकून घडी केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी माह्या पोट्ट्याले उगाच मुकं केलं वं.” घडी केलेली सतरंजी उलगडून पुन्हा घडी केली. मी इंजेक्शनं देणारी बाई, रडणारी माणसं रोज बघते, पण त्या दिवशी मला तिथं उभं राहवलं नाही.

दादाचं बोलणं परत आणायचं, एवढा एकच ध्यास त्यानंतर त्यांनी घेतला. आणि ते करायला गेले ते त्यांच्याच पद्धतीनं. सरळ सांगतील तर काका कसले! रविवारी फोन आला की आता ते मुद्दाम म्हणायचे, “कायले येत नाही रे तू? मले करमून नाही राह्यलं.” तिकडून दादा आणखी सावरून, आणखी नीट बोलायचा, “येतो ना बाबा. रजेचं बघून कळवतो आपल्याला.” त्याला वाटायचं बाबा परीक्षा घेतायत. लहानपणी अशीच घ्यायचे ना, वऱ्हाडीत डिवचायचे आणि पोरगं घसरतं का बघायचे. काका जितके वऱ्हाडी, दादा तितका शुद्ध. फोन ठेवल्यावर काका खुर्चीत बसायचे, असं काकू मला कळवायच्या. पूर्वी कधी बसत नसत. एकदा रजेवर गेले तेव्हा मी म्हटलं, काका, सरळ सांगून टाका त्याला. ते म्हणाले, “काय सांगू? मीच तर शिकवलं.”

एकदा पुण्यात दादा मला एका लग्नात भेटला. सुटाबुटात, पोट सुटलेलं, स्वभाव मात्र तसाच गरीब. दहा मिनिटं बोललो आम्ही, दोघंही इतकं शुद्ध, की बँकेत खातं उघडायला आलोय जसे. तो म्हणाला, बाबांसमोर अजूनही शब्द जपून वापरावे लागतात, कान फार तिखट आहेत त्यांचे. त्याच क्षणी सांगायला हवं होतं, की दादा, ते तुझ्या एका ‘मले’साठी झुरून राह्यले. अगदी ओठांवर आलं होतं. पण बाजूला त्याची बायको उभी होती, मुलगी उभी होती, आणि मी म्हटलं, “छान वाटलं हं भेटून.” त्याचा मला आजही राग येतो, माझा मलाच.

वर्ग बंद झाला तरी झाडाला पाणी लागतंच. दंड भरायला कोणी उरलं नव्हतं, तेव्हा काकाच रोज बादल्या आणायचे. काकू म्हणायच्या, नळाला नळी लावू. काका ऐकायचे नाहीत. दोन वर्षांनी वैशाखात, हापशीवरच्या शेवाळावर पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. मी रजेवर घरीच होते, म्हणून धावून गेले. यवतमाळला नेऊन प्लास्टर घातलं, घरी आणलं, आणि अंगणात जांबाखाली बाज टाकून त्यांना तिथं ठेवलं. घरात झोपायला तयार नव्हते. फोन मी केला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा आला, एकटाच.

बापलेक असे बोलत होते, की ऐकवत नव्हतं. “प्रवास कसा झाला?” “उत्तम झाला, बाबा.” काकासुद्धा शुद्ध बोलत होते. थकले होते बिचारे, डिवचायचं बळ उरलं नव्हतं. मुलाला बरं वाटावं म्हणून वर्गात आमच्याकडून घोटून घेतलेली वाक्यं एकेक करून काढत होते. काकू चहा घेऊन आल्या आणि तशाच दारात थांबल्या.

दादाची नजर भिंतीजवळच्या बादलीकडे गेली. तीच जुनी लोखंडी बादली, एका बाजूनं चेपलेली, कडीला चिंधी गुंडाळलेली. त्याच्या हाताला ती चिंधी ओळखीची असणार, कारण ती त्याच्याच शाळेच्या सदऱ्याची होती. तो उठला, बादली उचलून बघितली, खाली ठेवली, आणि एकदम भडकला. मी त्याला इतक्या वर्षांत चिडलेलं बघितलं नव्हतं.

“या वयात बादल्या काहून उचलून राह्यले तुम्ही, बाबा?”

 आपण काय बोललो ते दादालाही कळलं असावं, त्यानं जीभ चावली. काकांनी बाजेच्या दोरीवरची बोटं तशीच ठेवली.  मग म्हणाले,

“दोन. ‘काहून’ची एक न ‘राह्यले’ची एक.”

दादा त्यांच्याकडे बघत उभा राहिला. मग त्यानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बादली घेऊन हापशीवर गेला. एक आणून ओतली. दुसरी आणली. ती ओतून झाल्यावर बादली खाली ठेवली नाही. बाजेजवळ आला, आणि पस्तिशीला आलेला तो माणूस मान खाली घालून, एकेक शब्द चाचपत म्हणाला, “मले… मले अजून आणा लागते, बाबा.”

“आण,” काका म्हणाले, आणि तोंड झाडाकडे वळवलं.

त्यानंतर तो बोलत गेला आणि पाणी आणत गेला. वावराचं विचारलं, पोट्ट्यासोट्ट्यांचं विचारलं, पुण्याले कसं एकटं वाटते ते सांगतलं, आईले म्हणाला वरणात भरपूर सांबार टाकजो, गंज सारा. ‘सांबार’ ऐकून काका पहिल्यांदा हसले. मीही माझी राहिलेली एक बादली त्याच्या हातून घेऊन ओतली. मग मोजायचं सोडून दिलं. पाणी आळ्यातून वाहून सतरंजीच्या जागेपर्यंत आलं. जांबाले एवढं पाणी सोसत नाही, हे काकू दारातून दोनदा म्हणाल्या. पण त्याले थांबवलं कोणी नाही.